शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचे हेरपण

हौशी स्त्री-हेराच्या कादंबऱ्यांविषयी वाचकांत हटकून दोन तट पडतात. अगाथा ख्रिस्ती यांची १९३० सालची 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' घेऊ. एका इंग्रज खेड्यात पाद्रीसाहेबांच्या अभ्यासिकेत कर्नल प्रॉथेरो यांचा खून होतो, आणि त्याचा उलगडा करते शेजारची अविवाहित वृद्धा, मिस मार्पल. १९२७ पासून ती कथांतून दिसत होती. कादंबरीत मात्र ती येथेच प्रथम आली.

एका तटाची तक्रार अशी की, हेरबाई थोड्या वेळच दिसतात आणि भोवतीची गर्दी फार. हा आक्षेप खोटा नव्हे. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लेखिकेनेच पात्रे व उपकथानके जास्त झाल्याचे म्हटले आहे.

दुसरा आक्षेप मात्र आम्हांला पटत नाही. गावगप्पांत रमणाऱ्या म्हातारीला पोलिसांहून अधिक कळावे कसे? अहो, न कळायला काय झाले! बागेत काम करताना पाद्रीसाहेबांकडे कोण आले, कोण गेले, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. पक्षी पाहण्याची दुर्बीणही हाताशी असतेच. समोरचा माणूस वागला कसा, हे पाहून तिला गावातले एखादे जुने, क्षुल्लक प्रकरण आठवते आणि त्यावरून ती त्याचा स्वभाव ताडते. हे ज्ञान स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिळवलेले असले, म्हणून हलके का मानावे?

पाद्रीसाहेबांच्या पत्नीला ती गावातली सर्वांत खवचट बाई वाटते. खुद्द पाद्रीसाहेबांना, म्हणजे कथा सांगणाऱ्यालाच, तिची विनोदबुद्धी आवडते. कर्नल गेल्याने सुखावतील अशी निदान सात माणसे आपल्याला ठाऊक आहेत, असे ती शांतपणे सांगते, तेव्हा पाद्रीसाहेबही चकित होतात.