एकाच घरातले तीन भाव

उदगीरमध्ये नव्वदी ओलांडलेला एखादा माणूस गाठा आणि त्याच्या आयुष्याचा पत्ता लिहून काढा. जन्मला तेव्हा गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होतं. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं. 1 नोव्हेंबर 1956 ला उदगीर तालुका बीदरपासून तोडून मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला. 1960 ला महाराष्ट्र आला, 1982 ला लातूर जिल्हा झाला. हा माणूस गावची वेस न ओलांडता तीन राज्यांत आणि तीन जिल्ह्यांत राहिला.

पण खरी नवलाई त्याच्या खिशात आहे. खिशातला रुपयाच बदलला!

हैदराबाद संस्थानाचा रुपया वेगळा होता आणि 1918 पासून नोटाही स्वतःच्या होत्या. त्या पैशाला लोक ‘हाली’ म्हणत, इंग्रजी अमलातल्या रुपयाला ‘कलदार’. शंभर कलदार म्हणजे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. सोप्या भाषेत, सात हालीला सहा कलदार. सोलापूर-बार्शीला कलदार चाले, उदगीरला हाली, आणि मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. 1950 पासून भारतीय रुपया या भागात शिरला, काही वर्षं दोन्ही पैसे शेजारी शेजारी चालले, आणि 1959 मध्ये हाली कायमचा बाद झाला. त्याच सुमारास, 1 एप्रिल 1957 ला, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर ‘नवे पैसे’ झाले. पाठोपाठ शेर आणि मण जाऊन किलो आणि क्विंटल आले. कल्पना करा: मोंढ्यातल्या मुनिमाला दहा-बारा वर्षांत पैसा, सुटे आणि वजन या तिन्हींचे पाढे नव्याने पाठ करावे लागले. एवढी उलथापालथ पुण्या-मुंबईच्या त्याच वयाच्या माणसाने पाहिलेली नाही. तिथे आण्यांचे पैसे झाले, वजनं बदलली, पण रुपया तोच राहिला.

आता हाच माणूस नातवाला सांगतो, ‘कागदावर भरवसा ठेवू नको, गुंठाभर का होईना जमीन घे.’ नातू मोबाईलमधलं एसआयपीचं ॲप दाखवून हसतो. मधल्या पिढीतले वडील म्हणतात, ‘दोघंही गप्प बसा, फिक्समध्ये टाका.’ एकच घर, एकच उत्पन्न आणि सल्ले तीन. यातलं शहाणं कोण?

अर्थशास्त्र बराच काळ असं धरून चाललं होतं की बातमी सगळ्यांना सारखीच मिळत असेल तर अंदाजही साधारण सारखेच निघावेत. वय मधे येण्याचं कारण नाही. उलरिके मालमेंडियर आणि श्टेफान नागेल या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या पन्नासहून अधिक वर्षांच्या घरोघरच्या पाहण्या चाळल्या आणि 2011 व 2016 मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यांना दिसलं ते असं: पुढे महागाई किती वाढेल, शेअरात पैसे घालावेत का, हे ठरवताना माणूस साऱ्या इतिहासाला सारखं महत्त्व देत नाही. स्वतः जगलेल्या वर्षांना तो जास्त महत्त्व देतो. पुस्तकात वाचलेली मंदी त्याला शिवत नाही, अंगावर घेतलेली मंदी मात्र चाळीस वर्षांनीही त्याचा हात आखडते.

त्यांच्या गणितातला सगळ्यात सुंदर भाग अगदी साधा आहे. ताज्या अनुभवाचं वजन वयाच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे यंदाच्या भाववाढीचा वीस वर्षांच्या नातवाच्या अंदाजावर जेवढा परिणाम होतो, त्याच्या एक चतुर्थांश परिणाम ऐंशीच्या आजोबांवर होतो. नातवाच्या डब्यात वर्षंच थोडी, म्हणून प्रत्येक वर्ष मोठं. आजोबांचा डबा भरलेला, त्यात आणखी एक पडलं तर हलतही नाही. 1970 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत महागाई भडकली तेव्हा तरुणांनी पुढच्या महागाईचा अंदाज म्हाताऱ्यांपेक्षा बराच वरचा दिला होता. म्हाताऱ्यांच्या आठवणीत 1930 च्या मंदीत कोसळलेले भाव होते.

यातून तज्ज्ञही सुटत नाहीत, हे तर आणखी गमतीचं. हेन्री वॉलिच 1914 मध्ये बर्लिनमध्ये जन्मला. तो नऊ वर्षांचा असताना, नोव्हेंबर 1923 मध्ये, एका डॉलरला 4 लाख 20 हजार कोटी मार्क पडत होते. पुढे तो अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांपैकी एक झाला, आणि महागाईबाबत सहकारी ढिलाई करतात असं वाटून वारंवार त्यांच्याविरुद्ध मत नोंदवत राहिला. हाताशी जगातली उत्तम आकडेवारी होती, पण मत देताना त्याच्यातला नऊ वर्षांचा मुलगाही शेजारी बसलेला असणार.

उदगीरला परत येऊ. आजोबांच्या पिढीचा विश्वास तीन गोष्टींवर: पेवातली ज्वारी, घरातलं सोनं आणि सातबारा. हाली बाद झाला तेव्हा या तिन्हींपैकी एकही बाद झाली नाही. मग 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, आणि पाच महिन्यांच्या आत, 1 एप्रिल 2017 ला, मराठवाड्यात घरोघरी खातं असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद, म्हणजे 1941 साली निजामाच्या राज्यात स्थापन झालेली बँक, स्टेट बँकेत विलीन झाली. खात्यातला पैसा सुखरूप राहिला, फक्त पाटी बदलली. पण ‘मी म्हणत नव्हतो?’ म्हणायला आजोबांना तेवढं पुरलं.

अर्थात पिढीला नुसतं वयाने मोजून भागत नाही. बाहत्तरच्या दुष्काळात जमीनदाराच्या मुलाने आटलेली विहीर पाहिली, मजुराच्या मुलाने आईबरोबर खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. दोघांचं जन्मसाल एक असलं तरी ‘सरकार’ या शब्दाशी जडलेली आठवण वेगळी. पहिल्याला सरकार म्हणजे धान्याची सक्तीची लेव्ही, दुसऱ्याला सरकार म्हणजे आठवड्याचा पगार. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला तो याच आठवणीतून. आणि त्या काळातली महागाई? देशात 1974 मध्ये ती 28 टक्क्यांच्या वर होती, आणि दोनच वर्षांनी, 1976 मध्ये, भाव चक्क सात टक्क्यांहून जास्त उतरले. किंमती खरोखर खाली येतात हे पाहिलेली ती बहुधा शेवटची पिढी.

मधली पिढी मला सर्वांत रंजक वाटते, कारण तिची आठवण तिला फसवते. तिच्या उमेदीच्या काळात सरकारी नोकरी म्हणजे जन्माचा प्रश्न सुटला असं होतं. उदगीरला दूध भुकटीचा सरकारी प्रकल्प होता. तो पुढे बंद पडला, पण त्या काळाची सुरक्षितता मनातून गेली नाही. 1988 मध्ये किसान विकास पत्र निघालं, साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट. पीपीएफवर 1986 ते 2000 पर्यंत 12 टक्के व्याज. आज तेच पत्र दुप्पट व्हायला 115 महिने घेतं, पीपीएफ 7.1 टक्के देतं, आणि वडील हळहळतात. पण जरा वजाबाकी करा. 1991 मध्ये महागाई 14 टक्क्यांच्या घरात होती. 12 टक्के मिळवणारा त्या वर्षी प्रत्यक्षात गरीब झाला. 2024 मध्ये महागाई पाचच्या आसपास राहिली, म्हणजे 7.1 मध्ये दोन टक्के खरे हाती लागले. ज्या सुवर्णकाळाच्या नावाने आपण उसासे टाकतो, त्याच्या पोटात असा तोटा लपलेला होता! व्याज पासबुकात छापलं जातं, महागाई कुठेच छापली जात नाही. म्हणून आठवणीत व्याज राहतं.

आणि नातू? देशात मार्च 2020 मध्ये सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती, मार्च 2024 मध्ये पंधरा कोटींच्या वर. या नव्या मंडळींपैकी बहुतेकांनी 2008 पाहिलेलं नाही, जेव्हा सेन्सेक्स वर्षाच्या आत निम्म्याहून खाली आला. त्यांनी पाहिलं ते मार्च 2020 मधला 26 हजारांखालचा तळ आणि सप्टेंबर 2024 मधलं 85 हजारांपलीकडचं शिखर. ‘पडलं की चढतंच’ हा धडा त्यांच्या अख्ख्या कमावत्या आयुष्याने दिलाय.

शेतातही तेच. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेलं. त्या हंगामाचा हमीभाव होता 3,950. नवा माल मोंढ्यात आला आणि भाव जवळपास निम्म्यावर. ज्याने शेतीला सुरुवातच 2021 मध्ये केली त्याच्या डोक्यात ‘दहा हजार’ हा सोयाबीनचा भाव म्हणून कोरला गेला. तो कट्टे घरात रचून वाट पाहतो. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 होता आणि बाजार त्याच्याही खाली. आजोबा पहिल्या दिवसापासून म्हणत होते, ‘आलेल्या भावाला विकून मोकळा हो.’ या वेळी आजोबा बरोबर ठरले, पण तेच आजोबा 2020 मध्ये शेअरबाजारात पैसे घालू नको म्हणाले होते, आणि तेव्हा ते चुकले. घरातल्या एकाही सल्ल्याला कायमचं बरोबर मानता येत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी घरात जमीन, सोनं की फंड असा वाद पेटला तर आकडे काढण्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: तुम्ही बोलताय तेव्हा तुमच्या डोक्यात कुठलं साल आहे? आणि पहिलं उत्तर स्वतःचं द्या.