कालवडीचा बाप कोणता? रक्तातलं प्रथिन देतं साक्ष

गाय माजावर आली, सकाळी कृत्रिम रेतन झालं आणि संध्याकाळी तिला गावच्या वळूकडेही नेलं. नऊ महिन्यांनी कालवड झाली. आता नोंदवहीत बाप कोणता लिहायचा? नोंद चुकली तर कालवड घेणारा फसतो आणि पुढच्या पिढीची निवडही चुकते. या प्रश्नाचं उत्तर जनावराच्या रक्तातच असतं.

प्रथिन एक, प्रकार अनेक

रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. त्यात ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन असतं. ते शरीरभर लोह पोचवतं. मात्र सगळ्या गुरांत त्याची घडण सारखी नसते. ए, डी, ई असे त्याचे प्रकार आहेत. वासराला एक प्रकार आईकडून, एक बापाकडून मिळतो आणि दोन्ही रक्तात दिसतात.

खळीतून सापडली युक्ती

हे प्रकार वेगळे ओळखायची सोपी रीत ऑलिव्हर स्मिथीज यांनी 1955 मध्ये कॅनडातल्या टोरांटोत मांडली. आई कपड्यांना खळ करायची तेव्हा ती थंड झाली की थिजते, हे त्यांना आठवलं. त्यांनी बटाट्याच्या स्टार्चची तशीच जेली केली, तिच्यात सीरम घातलं आणि वीज सोडली. प्रथिनं कमी-जास्त वेगाने सरकली आणि त्यांचे वेगळे पट्टे उमटले. गुरांमधले हे फरक आनुवंशिक असल्याचं त्यांनी हिकमन यांच्यासोबत 1958 मध्ये मांडलं.

हिशेब असा

समजा गाय ए-ए आहे आणि कालवड ए-डी. ए आईचा, म्हणजे डी बापाचाच. गावचा वळू ए-ए निघाला, तर तो बाप नाही, हे नक्की. पण दोन्ही वळूंत डी असेल, तर ही तपासणी गप्प बसते. ती ‘हा बाप नाही’ एवढंच ठामपणे सांगते.

म्हणून आता डीएनएच्या अनेक खुणा एकदम तपासतात. तत्त्व मात्र तेच: वासरातली जी खूण आईची नाही, ती बापात सापडलीच पाहिजे.

पशुपालकांनी काय करावं?

रेतनाची तारीख, वळूचा क्रमांक आणि गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक लिहून ठेवा. एकाच माजात दोनदा भरवली असेल, तर दोन्ही नोंदी ठेवा. कोणत्या वळूंशी ताडून पाहायचं हेच माहीत नसेल, तर प्रयोगशाळेलाही बाप सांगता येत नाही.