पत्रांतील खुणा व त्यांचा अर्थ

आपल्या मुक्ताईनगर तालुक्यांत तापी व पूर्णा या नद्यांच्या संगमावर चांगदेव नांवाचें गांव आहे. तेथील प्राचीन देवालय आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. ज्या योग्याच्या नांवाशीं हें गांव निगडित आहे, त्याची एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. चांगदेवांस ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयाचें होतें. ज्ञानेश्वर वयानें लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावें. परंतु ज्ञानानें थोर, म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावें. या विवंचनेंत मायनाच ठरेना, तेव्हां त्यांनीं कोराच कागद पाठविला. त्या कोऱ्या कागदास ज्ञानेश्वरांनीं ओंवीबद्ध उत्तर धाडलें. तीच ‘चांगदेव पासष्टी’ होय. आख्यायिका म्हणून तिचें मोल कांहींही ठरवा, परंतु एक गोष्ट तिच्यांतून स्पष्ट होते. पत्रांत मजकुराचें जितकें महत्त्व, तितकेंच त्या मजकुरासोबत जाणाऱ्या खुणांचें असतें.

याचें कारण उघड आहे. मनुष्य बोलतो तेव्हां केवळ जीभच बोलत नाहीं. त्याचे डोळे, भिवया, हात व आवाजाचा चढउतार हींही बोलत असतात. ‘शहाणाच आहेस’ हे दोन शब्द आई कौतुकानें उच्चारते आणि गुरुजी रागानेंही उच्चारतात. ऐकणाऱ्यास भेद तत्काळ कळतो. तेच शब्द कागदावर उतरले म्हणजे मात्र कौतुक कोणतें व राग कोणता, हें सांगावयास तेथें कोणी उभें नसतें. हें उणें भरून काढण्याकरितां लिहिणाऱ्या प्रत्येक समाजानें कांहीं खुणा ठरविल्या आहेत.

आपल्या पूर्वजांचा पत्रव्यवहार मोडी लिपींत होई. आधीं शिरोरेघ आंखून घ्यावी व मग लेखणी शक्य तितकी न उचलतां अक्षरें ओढीत जावें, अशी तिची रीत. शब्दाशब्दांत अंतर नसे व विरामचिन्हेंही नसत. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह इत्यादि जीं चिन्हें आज आपण सहज वापरतों, त्यांची शिस्त मराठींत घालून देण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांस दिलें जातें. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामांत सहाय्य करणारे ते हेच कँडी होत.

परंतु त्यापूर्वींचीं पत्रें भावशून्य होतीं, असें मात्र कोणी समजूं नये. ‘ती.’, ‘चि.’, ‘रा. रा.’ या आद्याक्षरांवरूनच नातें व मान कळे. ‘सा. न. वि. वि.’ एवढ्या चार अक्षरांत ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ हा सारा विनय मावे. पत्र संपल्याची खूण म्हणून ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उमटवीत, म्हणजे खालीं कोणास पदरचा मजकूर घालतां येऊं नये. पुढें १८७९ सालीं हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें आणि खुणांचा हा व्यवहार गरिबाच्या झोपडीपर्यंत पोहोंचला. शुभवार्तेच्या पत्रास हळदकुंकवाचें बोट लागे. मृत्यूची वार्ता असल्यास माथ्यावर ‘श्री’ नसे व कार्डाचा कोपरा फाडलेला असे. ज्या म्हातारीस अक्षरओळख नव्हती, तीही तो कोपरा पाहतांच डोळ्यांस पदर लावी.

आतां कार्डाची जागा मोबाइलवरील निरोपानें घेतली आहे, परंतु गरज तीच आहे. १९८२ सालीं अमेरिकेंतील स्कॉट फालमन या प्राध्यापकांनीं अपूर्णविराम, संयोगरेषा व कंस हीं एकापुढें एक मांडून आडवा पडलेला हंसरा चेहरा सुचविला. विनोदाचें लिखाण कोणी गंभीर समजूं नये, हा त्यांचा हेतु होता. १९९९ सालीं जपानांत शिगेताका कुरिता यांनीं दूरध्वनीसाठीं १७६ चिमुकलीं चित्रें तयार केलीं. २०१० पासून अशीं चित्रें जगांतील सर्व लिपींच्या सामाईक संकेतांत समाविष्ट झालीं.

या बाबतींत कोरियन लोकांची रीत विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांनीं चित्रांवर विसंबून न राहतां आपल्या लिपींतूनच भाव काढले. ही लिपी राजा सेजोंग यानें १४४६ सालीं प्रसिद्ध केली. तींतील ‘ख्’सारखें व्यंजन स्वराविना ओळीनें लिहिलें म्हणजे तें खळखळून हंसणें होय, ‘ह्’ची पुनरुक्ति केल्यास तें सौम्य हंसू ठरतें. मात्र ‘ख्’ एकदांच लिहिल्यास तें कोरडें, प्रसंगीं तुच्छतेचेंही भासतें. त्यांचें ‘यू’ हें स्वराक्षर म्हणजे एक आडवी रेघ व तिच्याखालीं दोन उभ्या रेघा. तें शेजारीं शेजारीं दोनदां काढलें कीं मिटलेल्या डोळ्यांतून आंसवें गळत असल्यासारखें दिसतें. आपल्या ‘सा. न.’प्रमाणें त्यांचेंही आद्याक्षरी लेखन आहे. ‘गाम्सा’ म्हणजे आभार. तेथें केवळ ‘ग्’ व ‘स्’ लिहून भागतें. मराठींतील ‘तूं’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांप्रमाणें कोरियन भाषेंतही मानाच्या पायऱ्या आहेत. म्हणून मित्रास शोभणाऱ्या या खुणा वरिष्ठांच्या औपचारिक पत्रांत ते सहसा घालीत नाहींत.

खूण ही उभयपक्षीं ठरलेला करार होय, हें यावरून ध्यानांत येईल. करार एकासच ठाऊक असेल तर अनर्थ होतो. वर उचललेला अंगठा आज संमति दर्शवितो. परंतु ‘अंगठा दाखविणें’ म्हणजे फसविणें, हें ज्यांच्या कानांत लहानपणापासून बसलें आहे, त्या आजोबांस नातवाचा नुसता अंगठा कसा वाटेल? जोडलेले हात जपानांत विनवणीचे वा आभाराचे. आपल्याकडे ते नमस्काराचे, तसेच मृतास श्रद्धांजलीचेही. आनंदाश्रूंचा चेहरा तर फारच फसवा आहे. अनेक वडील माणसें त्यांतील अश्रु पाहून तो रडणारा समजतात व मृत्यूच्या वार्तेवर पाठवितात. त्यांचें दुःख खरें असतें. खूण तेवढी परकी असते.

विद्यार्थिमित्रांनो, अशा प्रसंगीं त्यांची थट्टा करूं नका. ती खूण जवळ बसून समजावून द्या, आणि फाडलेल्या कार्डाची खूण त्यांच्याकडून समजून घ्या. स्वतः लिहितांना वाचणारा कोण आहे, हें आधीं मनांत आणा. मित्रास वाटेल तितके हंसरे चेहरे पाठवा. परंतु घरापासून दूर असलेल्या बापाचें पत्र आलें असतां त्यास केवळ अंगठा धाडून मोकळे होऊं नका. दोन ओळी लिहा. खुणा शब्दांच्या सोबतीस आहेत. मनांतलें सांगण्याचें काम त्यांच्या एकट्यांवर टाकूं नये.