उत्तेजकांच्या शोधातून आजारांच्या मागावर

२०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या काळात शहराबाहेर हार्लो इथल्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस काम सुरू होतं. दिवसाला ४००पर्यंत नमुने तपासून कोणत्या खेळाडूने उत्तेजक घेतलंय ते शोधायचं होतं. स्पर्धा संपल्यावर ही यंत्रं आणि हा अनुभव वाया जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं. सरकारी संशोधन निधीतून पाच वर्षांसाठी १ कोटी पौंड मिळाले आणि २०१३मध्ये इंपीरियल कॉलेजच्या पुढाकाराने ‘नॅशनल फीनोम सेंटर’ उभं राहिलं. फीनोम म्हणजे शरीराच्या मोजता येणाऱ्या गुणधर्मांचा संच. प्रमुख होते जेरेमी निकल्सन.

यंत्रं तीच, प्रश्न मात्र बदलला. आधी ठरावीक द्रव्यं आहेत की नाहीत एवढंच बघायचं होतं. आता आजारांचा माग काढण्यासाठी रक्तात आणि लघवीत काय काय आहे, ते सगळंच टिपायचं होतं. अन्न, औषधं, आतड्यातले जिवाणू, यकृताचं काम या सगळ्यांच्या खुणा तिथल्या सूक्ष्म रेणूंत उमटतात. जनुकं जन्मभर जवळपास तीच राहतात. हे रेणू कालच्या जेवणानेही बदलतात.

म्हणूनच हजारो नमुने लागतात, आणि खरी कसोटीही तिथेच लागते. क्रोमॅटोग्राफीने रेणू वेगळे होतात, मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचं वस्तुमान मोजतो. पण आठवडेन् आठवडे चाललेलं यंत्र हळूहळू भरकटतं. त्यावरचा उपाय सुंदर आहे. प्रत्येक नमुन्यातला थोडा थोडा अंश घेऊन एक मिश्रण करतात आणि तेच मिश्रण ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तपासतात. त्याचं उत्तर बदललं, की दोष यंत्राचा, रुग्णाचा नव्हे.

या साऱ्या खटाटोपाचं मोल पॅरासिटामॉलच्या उदाहरणातून कळतं. निकल्सन आणि सहकाऱ्यांनी केंद्र सुरू होण्याआधीच, २००९मध्ये, ९९ निरोगी पुरुषांची लघवी गोळी देण्याआधी आणि दिल्यानंतर तपासली. आतड्यातले काही जिवाणू पॅरा-क्रेसॉल तयार करतात. ते बाहेर टाकायला शरीर सल्फेट वापरतं, आणि पॅरासिटामॉललाही तेच लागतं. ज्यांच्या लघवीत पॅरा-क्रेसॉल सल्फेट आधीच जास्त होतं, त्यांच्यात औषधाचा निचरा वेगळ्या वाटेने झाला. इतकी साधी गोळी, पण तिची वाट ठरवण्यात जिवाणूंचाही हात!

अर्थात, ९९ जणांवरून कुणाचा डोस ठरवता येत नाही. त्यासाठी देशोदेशींचे नमुने एकाच पद्धतीने मोजायला हवेत. त्या दिशेने २०१९मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या मर्डोक विद्यापीठात निकल्सन यांच्याच नेतृत्वाखाली असंच दुसरं केंद्र सुरू झालं.