तिसऱ्या भाषेला आधार कोणाचा?

तिसरी भाषा शिकताना मातृभाषेचाच आधार सर्वाधिक मिळतो, हा समज फिनलंडमधील अभ्यासाने खोडून काढला. तेथे फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रीय भाषा असून, इंग्रजीत ‘बुक’ म्हटल्या जाणाऱ्या वस्तूला स्वीडिशमध्ये ‘बूक’, तर वेगळ्या कुळातील फिनिशमध्ये ‘किर्या’ म्हणतात. हाकन रिंगबोम यांना असे आढळले की, फिनिशभाषक विद्यार्थी इंग्रजी लिहिताना शब्दांचे रूप मातृभाषेतून नव्हे, तर शाळेत शिकलेल्या स्वीडिशमधून उचलतात. म्हणजे शब्दरूपांपुरते तरी भाषासंक्रमण, अर्थात एका भाषेच्या सवयी दुसरीत उतरणे, हे भाषांच्या जवळिकीवर ठरते. शब्दांचा अर्थविस्तार मात्र हे विद्यार्थी मातृभाषेप्रमाणेच करतात.

जवळीक फसवतेही: मराठीतील ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण होते.

शब्दांप्रमाणे कौशल्येही एका भाषेतून दुसरीत उतरतात: जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडलेल्या परस्परावलंबन-गृहीतकानुसार, एका भाषेत कमावलेले वाचन-लेखनाचे कौशल्य पुढील भाषेच्या कामी येते. म्हणून तिसऱ्या भाषेची घाई करणाऱ्या पालकांनी आधी मुलांचे मातृभाषेतील वाचन पक्के करावे.