चालक बसतो, वाहक फिरतो

बीडहून निघालेली एसटी पुण्याला पोहोचेपर्यंत चालकाचे कित्येक तास एकाच सीटवर जातात. वाहक मात्र तिकिटे देत बसमध्ये फिरत असतो. हा फरक किरकोळ नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर डॉ. जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांपेक्षा चालकांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. पुढील संशोधनातही बैठ्या कामाचा धोका दिसून आला.

चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त हृदयाकडे ढकलतात. बसून राहिल्यास ते पायांत साचते. पाय जड होतात, सुजतात. क्वचित रक्ताची गुठळी होते. कंबरेवरही ताण येतो.

म्हणून गाडी स्थानकात थांबली की चालकाने खाली उतरावे, दोन-तीन मिनिटे चालावे. चहा उभ्यानेच घ्यावा. मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे, पाठ सीटला टेकवावी. लघवी लागेल म्हणून पाणी टाळू नये. मराठवाड्याच्या उन्हात त्यातून मूतखडा होऊ शकतो. बँकेतला कारकून, शिलाई मशीनवरचा शिंपी यांनीही अर्ध्या तासाने उठावे. शिवाय आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालावे.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मालिश करू नये. सोबत दम लागला किंवा छातीत दुखले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.