खांब कुजतो कुठे?

धारणी तालुक्यातल्या कोरकू गावांत घरं समोरासमोर दोन ओळींत उभी असतात. मधली गल्ली रुंद, भिंती कुडाच्या, वर कवेलू. छपराचा भार त्या भिंतींवर नसतोच. आढं, वासे, कवेलू सगळं खांबांनी तोललेलं. भिंत ढासळली तर पुन्हा लिंपता येते, खांब गेला की घरच बसतं. शेतातल्या रखवालीच्या खोपडीचंही तसंच.

खांब कुजतो तो नेमका जमिनीच्या पातळीला. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत हवा कमी, वर उघड्यावर ओल टिकत नाही. मधल्या वीतभर पट्ट्यात दोन्ही मिळतात. म्हणून लाकडाच्या जाडीवर भुलू नये, गाभा पाहावा. सागाचा तपकिरी गाभा वर्षानुवर्षं तग धरतो, त्याभोवतीचा फिकट थर मात्र लवकर जातो. सलई तर खांबाला घेऊच नये. बुंधा जाळून काळा करायची रीत जुनी आहे, पण कोळशाचा थर तडकतो आणि आत ओल शिरते. नुसत्या त्यावर भिस्त नको.

खरी कसोटी खड्ड्याची. उतारावर मुरूम लागतो, सब्बल घेऊन घाम गाळावा लागतो, पण तिथे रोवलेला खांब हलत नाही. खोऱ्यातली काळी माती सहज खणली जाते आणि पुढे दगा देते: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांब सैल होतो. तिथे खड्डा अधिक खोल हवा. एरवी दहा फुटी खांबाला अडीच-तीन फूट पुरतात. तळाशी चपटा दगड ठेवावा, भोवती काढलेली काळी माती न भरता मुरूम आणि गिट्टी भरावी. सगळं एकदम लोटू नये. चार-पाच बोटांचा थर टाकून धुम्मस करावा, मग पुढचा. शेवटी बुंध्याशी मातीचा उंचवटा करावा, म्हणजे पाणी बाहेर वाहून जातं. बुंध्याभोवती सिमेंटची वाटी करून लाकूड आत कोंडणं घातक, कारण पाणी तिथेच साचतं.

नीट खणलेला खड्डा लाकडापेक्षा जास्त जगतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांचे खांब कधीच मातीत मिळाले होते. घरांचे आकार कळायला खांबांच्या खड्ड्यांची मोठी मदत झाली. उत्तरकाळातल्या लहान गोल झोपड्यांचा घेर त्यांच्यावरूनच आखता आला.

आज धारणीत प्रश्न लाकडाचा आहे. हा तालुका ज्या मेळघाटात येतो, तिथे 1973-74 पासून व्याघ्रप्रकल्प. राखीव जंगलातला साग तोडणं गुन्हा. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं, सागाला नाही. धारणी तालुक्यातच लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारलं, कोरकू तरुणांना बांबूकाम शिकवलं. सागाच्या मागे धावण्यापेक्षा ही वाट अधिक शहाणपणाची आहे, फक्त बांबूला सागासारखं वागवता येत नाही. त्यातल्या स्टार्चवर किडे तुटून पडतात, म्हणून तो बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवावा लागतो. हे क्षार ओल्या मातीत विरघळून जातात. म्हणून बांबू पुरायचा नाही: खड्ड्यात काँक्रीटचा ठोकळा, त्यातून वर निघालेली लोखंडी सळई, आणि तिच्यावर फूटभर उंचीवर बसवलेला बांबू.